विधवा प्रथा बंदीचा ठराव असूनही बांगड्या फोडल्या, आता काय करता येईल?

आळीतली_सदस्य:
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य आहे. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सगळ्या पेपरात आलं, त्याच महिन्यात ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढलं की बाकी गावांनी पण असं करावं. आमच्याकडे पण त्या पावसाळ्यात ठराव झाला. फ्लेक्स लागला, फोटो निघाले, पंचायत समितीचे साहेब येऊन भाषण करून गेले. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे गावात बंद, असं प्रोसिडिंगला चक्क लिहिलेलं आहे.

आता गेल्या महिन्यात आमच्या आळीतला एक जण ट्रॅक्टर उलटून गेला. बायको तिशीतली, दोन लेकरं. तिरडी उचलायच्या आधी तिला उंबऱ्याजवळ बसवलं, एका चुलत जावेने मनगट धरलं आणि दुसरीने वरवंटा घेऊन बांगड्या फोडल्या. ती "नको, राहू द्या" म्हणत होती, मी दोन हातांवर उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं. काच मनगटात घुसली, रक्त आलं, ते तिच्याच पदराने पुसलं. मी मधे पडले तर एक म्हातारी म्हणाली, "तुझं ते पंचायतीत, इथं नको." पुरुष सगळे अंगणात, ते काय बघत नाहीत म्हणे, बायकांचं बायका करतात.

नंतर सरपंचांकडे गेले. ते (म्हणजे सरपंचबाईंचे मिस्टर) म्हणाले ठराव आहे पण घरातल्या गोष्टीत पंचायत कुठं घुसणार, आणि तसा कायदा कुठाय. मला तीनच गोष्टी विचारायच्यात. ठरावाला कायद्याने काही वजन आहे का? त्या जावांवर काही होऊ शकतं का? आणि असा कायदाच व्हावा म्हणून आमच्यासारख्यांनी मागणी करायची तर कशी आणि कुणाकडे?

रिटायर्ड_ग्रामसेवक:
ताई, नोकरीत असताना असले दोन ठराव मीच माझ्या हाताने लिहिलेत, म्हणून सांगतो. ठराव करून ग्रामपंचायतीला नवीन गुन्हा तयार करता येत नाही, शिक्षा ठरवता येत नाही. परिपत्रक पण "गावांनी हेरवाडसारखं करावं" असंच सांगतं, मोडलं तर काय हे त्यात नाही. म्हणजे सरपंचांचे मिस्टर अर्धं खरं बोलले. पण ठराव कागदावर पडून राहतो कारण पुढचं कुणी लिहीतच नाही. ज्या दिवशी घरात मयत होते त्या दिवशी तिथं कोण जाणार? आशाताई, अंगणवाडी ताई, सदस्य, बचत गटाची अध्यक्ष, यांची नावं ठरवून ठेवा आणि प्रोसिडिंगला घ्या. अर्ध्या तासाचा खेळ असतो, त्या अर्ध्या तासात दोन बायका शेजारी बसल्या की मनगट धरायची हिंमत होत नाही.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, बहुतेक गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. हा विषय तिथं आणा, पुरुष नसतात तेव्हा बायका वेगळं बोलतात. आणि करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडेंनी केलं ते बघा. कोविडमध्ये सहकारी गेला, त्याच्या बायकोचं हे सगळं समोर झालं, मग त्यांनी स्वतःच स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की माझ्या मागे माझ्या बायकोवर ही सक्ती करायची नाही. हेरवाडचा ठराव त्यांच्या मोहिमेतूनच पुढे आला. नवऱ्याने जिवंतपणी लिहिलेलं असलं की भावकीचं तोंड बंद होतं, हे अनुभवाने सांगतो.

रांगडा_गडी:
प्रत्येक गोष्टीत कायदा आणायची फॅशन झालीय. आमच्या आजीने स्वतःहून कुंकू लावणं सोडलं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. दुःखात असलेल्या घरात पोलीस घुसवणार का आता? समाज आपोआप बदलतो.

वाळवा_ते_वाकड:
@रांगडा_गडी आपोआप काय बदललं ते सांगा की. सती १८२९ ला बेंटिंकने कायद्याने बंद केली आणि तरी १९८७ ला राजस्थानात देवराळ्याला रूप कंवर सती गेली, मग त्याच वर्षी केंद्राला वेगळा कायदा करावा लागला. केशवपनाचं म्हणाल तर कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधक मंडळींनी मुंबईच्या न्हाव्यांना उभं केलं, आम्ही विधवांवर वस्तरा चालवणार नाही म्हणून. ते पण आपोआप नव्हतं, हातातलं काम नाकारलं लोकांनी. माझी आई विधवा झाली तेव्हा मी कॉलेजला होतो. माझ्या लग्नात अक्षता टाकायला ती मागच्या खोलीतून बाहेर आलीच नाही, आणि कुणी "ये" पण म्हणालं नाही, मी पण नाही. तुमच्या आजीने स्वतःहून सोडलं म्हणताय, न सोडून बघितलं असतं तर काय झालं असतं ते कधी विचारलंय का घरात?

वकीलकाकू:
उशिरा बघितला धागा, कोर्टाची सुट्टी संपली की असंच होतं. ताई, तुमचे प्रश्न माझ्या सोयीने उलटसुलट घेते.

जावांवर काय होतं? विधवा प्रथेविरुद्ध स्वतंत्र शिक्षेचा कायदा महाराष्ट्रात नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला जी १२ कलमांची अनुसूची आहे तिच्यातही हे बसत नाही, उगाच त्यात ओढू नका, केस पडते. पण ती "नको" म्हणत असताना हात धरून काच घुसेपर्यंत बांगड्या फोडल्या म्हणजे ती साधी दुखापत आहे, भारतीय न्याय संहितेचं ११५(२). पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून मोकळे होतील हे गृहीत धरा, तरी नोंद होऊ दे. जखमेचा फोटो असला तर ठेवा.

त्यापेक्षा कामाचा आहे तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. सासरी राहिलेली बाई नवरा गेल्यावरही त्यात येते. सुप्रीम कोर्टाने १२ मे २०२२ ला प्रभा त्यागीच्या केसमध्ये हेच सांगितलं, ती पण विधवाच होती, सासरच्या घरात राहायचा हक्क तिला आहे म्हणाले. योगायोग म्हणजे हेरवाडचा ठराव त्याच महिन्यातला. आणि या कायद्यात फक्त पुरुषांविरुद्धच अर्ज करता यायचा ती अडचण २०१६ ला हिरल हरसोरा निकालाने गेली, सासू, जाऊ, नणंद कुणीही चालते, फक्त एका घरात राहिलेली असायला हवी. वेगळ्या चुलीवरची चुलत जाऊ असेल तर ते बघावं लागेल. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे घटनेचा अहवाल लिहून द्यायचा, वकील लागत नाही त्याला. पण हे सगळं तिला हवं असेल तरच. तिला त्याच घरात, त्याच जावांबरोबर रोज पाणी भरायचंय, हे विसरून तिच्या वतीने लढायला निघू नका, मी असल्या दोन केसेस फिर्यादीनेच मागे घेतलेल्या बघितल्यात.

ठरावाचं वजन: गुन्हा नाही होत, पण गावाने काय ठरवलं होतं याचा तो पुरावा आहे. ठराव पुन्हा करणार असाल तर त्यात संविधानाचं कलम ५१-क (ई) घाला, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे तिथं. आणि बांगड्यांसोबत समारंभही लिहा. हळदीकुंकू, वास्तुशांत, लेकराचं लग्न, तिथं तिला बाजूला बसवणं हे वर्षानुवर्षं चालतं आणि त्याचा फोटो निघत नाही. मद्रास हायकोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये इरोड जिल्ह्यातल्या एका विधवेला देवळात जायला अडवलं तेव्हा चांगलं झापलंय, बाईला स्वतःची ओळख असते, ती लग्नावर अवलंबून नाही म्हणून. तो निकाल महिला सभेत वाचून दाखवण्यासारखा आहे.

कायद्याची मागणी: आमदाराकडे निवेदन, महिला व बालविकास खातं, राज्य महिला आयोग, हे ठरलेलं. पण मसुदा काय मागायचा यावर माझं मत थोडं कडक आहे. "प्रथा पाळणं गुन्हा" असं मागू नका, ज्या म्हातारीने चाळीस वर्षं कुंकू लावलं नाही तिला आरोपी कोण करणार? सक्ती करणं आणि समारंभातून वगळणं, एवढंच गुन्हा ठरवा. सक्ती सिद्ध करणं सोपं नाही हे मला माहितीय, तरीही.

आणि एक गोष्ट या धाग्यात कुणीच काढली नाही, ती म्हणजे जमीन. मयतीच्या दिवशी बांगड्या जातात आणि तेराव्याच्या आत-बाहेर कागद पुढे येतो. तिला कुणी सही मागितलीय का ते विचारा आधी.

आळीतली_सदस्य:
काकू, तुम्ही विचारलंत म्हणून आज मुद्दाम गेले होते. दिराने दहाव्यालाच एका कागदावर अंगठा मागितलाय, "बँकेचं आहे" म्हणून. तिने पोरं शाळेतून येऊ देत म्हणून टाळलंय. ती सही करते खरं तर, शिकलेली आहे, अंगठा कशाला मागतो देव जाणे. आणि सासूने सांगितलंय की दुसरं लग्न केलंस तर जमिनीत काही मिळणार नाही. अडचण अशी की सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर आहे, नवऱ्याचं नाव कधी लागलंच नाही. मग तिला काही आहे का? पोलीस वगैरे तिला नकोय, स्पष्ट म्हणाली.

वकीलकाकू:
बरं झालं अंगठा नाही दिला. दुसऱ्या लग्नाचं सासूबाई सांगतात तो १८५६ च्या पुनर्विवाह कायद्यातला नियम, तो कायदा १९८३ ला रद्द झाला. १९५६ च्या वारसा कायद्याने नवऱ्याचा वाटा बायको, मुलं आणि नवऱ्याची आई यांच्यात सारखा जातो आणि एकदा मिळालेला वाटा पुढे लग्न केलं म्हणून परत जात नाही.

सासऱ्याच्या नावावर आहे याने हक्क आपोआप जात नाही. जमीन सासऱ्याला कशी आली ते बघायचं. वाडवडिलांची एकत्र कुटुंबाची असेल तर नवऱ्याचा त्यात जन्मतः हिस्सा होता, तो गेल्याच्या तारखेला वाटणी झाली असती तर जेवढं आलं असतं तेवढं तिला, लेकरांना आणि सासूला. सासऱ्याने स्वतः विकत घेतलेली असेल तर मात्र ते हयात असेपर्यंत वाटा मागता येत नाही. म्हणून तलाठी ऑफिसातून जुने फेरफार (जमिनीवर नाव बदलल्याच्या नोंदी) काढा, सासऱ्याचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो नंबर सातबाऱ्यावरच असतो. नवऱ्याच्या नावावर स्वतंत्र काही असेल, ट्रॅक्टर, बँक खातं, विमा, त्याची यादी तिच्याकडून करून घ्या, अपघाताचा पंचनामा आणि पीएम रिपोर्टची नक्कलही लागेल.

हक्कसोडपत्र जमिनीचं असेल तर ते रजिस्टर करावंच लागतं, साध्या कागदावरच्या अंगठ्याने हक्क सुटत नाही. पण असा कागद पुढे काय म्हणून वापरतील सांगता येत नाही, तेव्हा फेरफार हातात येईपर्यंत कशावरही सही नाही. दिराला म्हणावं, बँकेचा कागद बँकेत बसून करू.