पॅरिसच्या ट्रामने रस्त्यावरची जागा का घेतली

ट्रामसाठी मार्गिका राखून ठेवली तर मोटारींची कोंडी वाढेल, ही शंका रास्त आहे. परंतु पॅरिसने नेमके हेच जाणीवपूर्वक केले. डिसेंबर २००६ मध्ये शहराच्या दक्षिण कडेने टी-३ ही सुमारे आठ किलोमीटरची, १७ थांब्यांची ट्राम सुरू झाली. जवळच विनावापर पडलेला जुना लोहमार्ग होता, तरीही तो टाळला गेला, कारण तो बराचसा खंदकांतून व बोगद्यांतून जातो आणि मेट्रोची स्थानके मात्र मारेशो बुलेव्हारांवर, म्हणजे ट्राम जिथून जाते त्या शहराच्या कडेच्या रुंद रस्त्यांवर आहेत. राखीव मार्गिका नसती तर ही ट्रामसुद्धा तिच्या आधीच्या बससारखीच वाहतुकीत अडकून पडली असती, असे मला ठामपणे वाटते. आज रुळांमध्ये हिरवळ आहे, आणि फलाट व डब्याचा तळ एका पातळीवर असल्याने बाबागाडी न उचलता सरळ आत ढकलता येते.