टेकडीच्या उतारावर इमारती येतायत, हरकत कशी लिहू?

बागेखालची

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या शहरात राहत्ये, नाव मुद्दाम देत नाही. आमच्या आळीमागे टेकडी आहे, वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आणि पायथ्याशी नगरपरिषदेची बाग. विकास आराखड्यात तो उतार हरित पट्ट्यात आहे. तो रहिवासी करायची सूचना गेल्या आठवड्यात पेपरात आली, नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली. हरकतींना एक महिना. वर चार इमारती होणार असं सगळे बोलतायत.

बागेत चिऱ्याने बांधलेली जुनी विहीर आहे. मे महिन्यात नळ दिवसाआड झाला की अख्खी आळी तिच्यावर जगते. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून ती आटलेली नाही असं त्या सांगतात, आणि मी स्वतः सव्वीस वर्षं बघत्ये.

एप्रिलमध्ये वर जायला जेसीबीने रस्ता कापला. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला त्या सकाळी कळशी घेऊन गेले, तर रहाटाने वर आलं ते दुधाच्या चहासारखं पाणी. कळशी दोन दिवस तशीच ठेवली. तळाला बोटभर गाळ बसला, तांबडा नव्हे, पांढुरका, हाताला साबणासारखा बुळबुळीत. घसरगुंडीचं खालचं टोक चिखलात गेलंय, पोरं आता तिकडे फिरकत नाहीत.

चाळीसेक घरं सह्या द्यायला तयार आहेत. एकच अर्ज करू की वेगवेगळे? नुसतं 'झाडं वाचवा' लिहून भागणार नाही एवढं कळतं. काय लिहिलं तर त्याची दखल घ्यावीच लागेल?

जुना आरेखक

ताई, वेगवेगळे अर्ज द्या. एका अर्जावर चाळीस सह्या म्हणजे फाईलमध्ये एक हरकत. प्रत्येकाने आपलं घर टेकडीपासून किती लांब, पाणी कुठून घेतो, पावसात काय झालं ते लिहावं. 'मला सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात हवं. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. नगरपरिषदेने ठराव केला म्हणून बदल होत नाही, मंजुरी राज्य सरकारची लागते. प्रस्ताव वर जातो तेव्हा हरकतीही जातात, म्हणून कागदावर जे नाही ते पुढे कुणाला दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहे, राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ते स्पष्ट आहे. म्हणजे आडवं २० फूट जाताना ४ फूट चढ. गवंड्याची पाण्याची लेव्हल पाईप घ्या, टेप आडवी धरा आणि चार-पाच ठिकाणी मोजून फोटो काढा. माहिती अधिकारात नकाशा मागाल तर उत्तराला ३० दिवस, तोवर मुदत संपेल. त्यापेक्षा कार्यालयात जाऊन नकाशा बघायला मागा, सूचना काढलीय म्हणजे तो दाखवावाच लागतो.

कातळावरचा

तो पांढुरका गाळ म्हणजे शेडी, जांभ्याखालची चिकण माती. भूशास्त्र शिकवतो म्हणून खात्रीने सांगतो. वर जांभा, खाली शेडी. जांभा सच्छिद्र, पाऊस त्यातून मुरतो, शेडीवर अडतो, मग आडवा सरकत टेकडीच्या कुशीत झरा होऊन फुटतो. तुमची विहीर त्यावरच भरते. रस्ता कापताना शेडी उघडी पडली, म्हणून ती धुपून खाली येतेय. सड्यावर काँक्रीट झालं की मुरणारं पाणी एकदम खाली धावेल, बाग बुडेल आणि मे महिन्यात विहीर कोरडी पडेल. शोषखड्ड्यांबद्दल जरूर लिहा. वरच्या संडासांचं पाणी त्याच वाटेने तुमच्या कळशीत येऊ शकतं.

महाड तालुक्यातल्या तळीयेवर २२ जुलै २०२१ ला दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. तिथला खडक वेगळा, पण पावसाने जड झालेली माती उतारावरून कशी सुटते ते आपण तेव्हा पाहिलं. कापलेल्या रस्त्याच्या वर जमिनीला भेगा दिसतात का, झाडं कलली आहेत का, बघून ठेवा.

भाडेकरू

टेकडी वाचावी हे पटतं. पण आम्ही चौघं दोन खोल्यांत राहतो, गावात परवडणारं घर मिळत नाही. प्रत्येक प्रकल्पाला विरोध झाला तर आमच्यासारख्यांनी जायचं कुठे?

बागेखालची

भाडेकरू दादा, तुमचं म्हणणं खरं आहे. माझा धाकटा दीर असाच भाड्याने राहतो. घरं नकोत असं अर्जात कुठेही लिहिणार नाही. स्टँडमागे सपाट जागा रिकामी पडून आहे, तिथे बांधा असंच लिहित्ये.

आरेखक काका, काल गवंडी बरोबर घेऊन गेलो. पाच ठिकाणी मोजलं. सर्वात कमी आलं ते २० फुटांत साडेपाच फूट, झऱ्याच्या वर तर आठ. भेग एक सापडली, पायरीच्या आंब्यापाशी, माझी चार बोटं आत गेली. तिथे खुंट्या मारून मधलं अंतर लिहून ठेवलंय, दर रविवारी मोजणार.

नकाशा बघायला उद्या अकरा वाजता जातोय. सासूबाईंचा अर्ज पहिला लिहून झाला. त्यांनी फक्त विहिरीबद्दल सांगितलं, दीड पान भरलं. सही करायला चष्मा पुसून बसल्या होत्या.