९.९ एचपीचं आउटबोर्ड इतकं पेट्रोल काऊन खाऊन राहिलं? मोजायचं कसं?

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी राहतो नागपुरात मानेवाड्याला पण घर मूळचं पवनीकडचं, काका गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासोळीचं काम करतात. १६ फुटी फायबरची बोट आहे, मागे ९.९ एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, कार्ब्युरेटरवालं, आणि २४ लिटरची लाल टाकी. मासोळीचे पिंजरे काठापासून ६ किलोमीटर आत, म्हणजे जाणं-येणं १२ आणि तिथं थोडं फिरणं वेगळं. दिवाळीपर्यंत एक टाकी चार दिवस जायची, आता तिसऱ्या दिवशीच खडखडाट. टाकीवरचा काटा तर अर्ध्यावर अडकला की अर्ध्यावरच राहते.

मागच्या आठवड्यात मधातच पेट्रोल संपलं, वारा समोरून, काका आणि माझा चुलत भाऊ दीड तास वल्हं मारत आले. काका ५८ वर्षांचे आहेत, काकूने त्या दिवशी जेवण नाही केलं. म्हणून विचारून राहिलो, असं एखादं मीटर मिळते का की जे तासाला किती लिटर लागून राहिलं ते दाखवेल? मोटरसायकलला जसं मायलेज काढतो तसं बोटीचं कसं काढायचं? आणि पेट्रोल आता इ-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं, त्याच्यामुळे तर नाही ना होऊन राहिलं हे?

सर्किटवाली
मी इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे, बोटीवर फार बसलेली नाही, पण मीटरचं सांगू शकते कारण माझ्या मामेभावासाठी हा उद्योग मी करून पाहिला आहे. सीताबर्डीच्या मार्केटमध्ये जो स्वस्तातला प्लास्टिकचा फ्लो सेन्सर मिळतो ना, आत चक्री असलेला, तो अजिबात घेऊ नका. तो पाण्यासाठी बनलेला आहे, त्याची रेंज मिनिटाला १ ते ३० लिटर. तुमचं इंजिन फुल थ्रॉटलला पण तासाला साडेतीन-चार लिटर घेणार, म्हणजे मिनिटाला ६०-७० मिली. चक्री हलणारच नाही. आणि प्लास्टिक पेट्रोलमध्ये फुगते, जॉइंट गळला तर बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साठते, ती हवेपेक्षा जड असते, एक ठिणगी पुरे. खरंच नका करू.

बोटीसाठी बनलेले पेट्रोलचे सेन्सर वेगळे येतात, ते चालतात, पण आयडलवर इंजिन तासाला लिटरपेक्षा कमी घेते तेव्हा लहान चक्रीला पण ते नीट मोजता येत नाही आणि उन्हाळ्यात नळीत वाफेचे बुडबुडे झाले की आकडा उड्या मारते. मोठ्या इंजेक्शनवाल्या इंजिनात ही कटकटच नसते, ईसीयूला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला माहीत असते इंजेक्टर किती वेळ उघडला ते, तोच हिशोब स्क्रीनवर दिसते. कार्ब्युरेटरवाल्याला ती सोय नाही.

मालवणी_नागपुरात
दादा, मी मालवणचा, नोकरीसाठी सात वर्षं इथे आहे. आमच्याकडे वडिलांच्या होडीला आउटबोर्डच होतं, म्हणून सांगतो. मीटर सोडा, टाकी वजन करा. सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा घ्या, ५० किलोवाला. निघताना टाकी काट्याला लावायची, आल्यावर परत लावायची, फरक लिहायचा. पेट्रोल लिटरला साधारण ७४० ग्रॅम भरतं, म्हणजे साडेचार किलो कमी झालं तर सहा लिटर गेलं. पट्टी बुडवून मोजण्यापेक्षा हे बरं, कारण ऊन लागलं की पेट्रोल फुगतं, २० डिग्रीच्या फरकाने दोनेक टक्के, आणि तुमच्याकडे मे महिन्यात ऊन काय असतं ते मी अनुभवलंय. वजन मात्र फुगत नाही. त्याच कारणाने उन्हात टाकी काठोकाठ भरू नका आणि चालवताना झाकणाचा व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, उघडा आहे ना ते बघा, बंद राहिला तर इंजिन पेट्रोल ओढूच शकत नाही.

वहीत तीन गोष्टी लिहा, किलो किती गेले, इंजिन किती वेळ चाललं, आणि मोबाईलच्या जीपीएसवर किती किलोमीटर झाले. आठ दिवसांत तुम्हाला कळेल की बोट तासाला किती पिते आणि किलोमीटरला किती. दोन्ही लागतात, कारण पिंजऱ्याजवळ हळू फिरताना किलोमीटर काहीच होत नाहीत पण पेट्रोल जातंच.

इ-२० चं म्हणाल तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर सहा-सात टक्के जास्त लागेल. तुमचं चार दिवसांचं तीन दिवसांवर आलंय, म्हणजे रोज ६ लिटर ऐवजी ८, तेहतीस टक्के वाढ. ती इथेनॉलने होत नाही, दुसरं काहीतरी आहे. पण इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, आणि बरेच आउटबोर्डवाले १० टक्क्यांपर्यंतच मान्य करतात, म्हणून पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नका आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा.

ओबीएम_जुना
मी पूरबचावाच्या टीममध्ये बरीच वर्षं होतो, तिथं आउटबोर्ड मोटरला ओबीएमच म्हणतात. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी भरून वाहिली तेव्हा नागपुरातच रस्त्यांवर बोटी चालवाव्या लागल्या, आणि तेव्हापासून मी कोणाला पण पहिले हेच सांगतो की एक तृतीयांश पेट्रोल जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात लावायचा नाही. तुमच्या काकांनी २४ लिटरच्या टाकीत ८ लिटर राहिले की समजायचं टाकी संपली. जोडीला ५ लिटरचा कॅन वेगळा, घट्ट झाकणाचा. इतकं त्यांना आजच फोन करून सांगा, बाकी शोध नंतर.

आता वाढलं काऊन. पहिले पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाहा. नाग नदीचं पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि ते सगळं गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला साठते, जलपर्णी तिथं मातलेली आहे हे तुम्हाला माहीतच आहे. तिची मुळं पंख्याला गुंडाळतात, त्यात जाळ्याची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, अडकली तर ती पंखा काढल्याशिवाय दिसत पण नाही. पात्याला टवका असला तरी जोर वाया जाते. मग बोटीचं बूड पाहा, शेवाळ धरलं असेल तर घासा.

दुसरं म्हणजे वेग. काका फुल ॲक्सिलरेटर देऊन नाक वर करून जातात का? १६ फुटी भरलेली बोट ९.९ मध्ये पाण्यावर तरंगत पळू शकत नाही, ती पाणी ढकलतच जाते, आणि अशा बोटीचा सुखाचा वेग ताशी ९-१० किलोमीटरच आहे. त्याच्यावर जे काही द्याल ते लाट उठवण्यात जाते. एक दिवस ८ ने, एक दिवस १० ने, एक दिवस १२ ने जा आणि येताना पण तोच वेग ठेवा म्हणजे वाऱ्याचा हिशोब सारखा होईल. वजन करा, फरक डोळ्याने दिसेल.

जमलं तर स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर पण घ्या. फुल थ्रॉटलला इंजिन पुस्तकात दिलेल्या आरपीएमपर्यंत चढत नसेल तर पंखा जड झाला, काहीतरी ओढून राहिलं.

वैनगंगाकाठ
सगळ्यांचे खूप आभार, दोन आठवड्यांनी लिहून राहिलो कारण काटा घेऊन शनिवार-रविवार तिकडेच होतो. काका आधी म्हणे कशाला टाकी तोलून राहिला बाबू, पण तिसऱ्या दिवशी स्वतःच वहीत लिहायला लागले.

पहिल्या दिवशी ५.९ किलो गेलं, म्हणजे ८ लिटर, इंजिन सव्वादोन तास. दुसऱ्या दिवशी पंखा काढला तर ओबीएम दादा म्हणाले तेच, शाफ्टला तंगूसचा गोळा, बोटाएवढा जाड, आणि एका पात्याला टवका. तंगूस कापून काढली, पाता सध्या कानसने सरळ केला, बूड घासलं. त्यानंतर तोच रस्ता, तोच वेग, ४.८ किलो, साडेसहा लिटर. मग १२ ऐवजी ताशी साडेनऊने गेले तर ३.७ किलो, ५ लिटरच. जायला दहा मिनिटं जास्त लागली फक्त. ५ लिटरचा कॅन आता रोज बोटीत राहते, काकू निघायच्या आधी स्वतः पाहते.

ओबीएम_जुना
वा बाबू, मस्त काम केलं. पण एक राहिलं. तंगूस इतकी गुंडाळली होती तर ती शाफ्टच्या सीलपर्यंत गेली असेल. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून चार थेंब काढून पाहा, दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलं आहे, सील बदलावं लागेल, आणि तोपर्यंत बोट पिंजऱ्यापर्यंत नेऊ नका, काठाकाठानेच वापरा.

वैनगंगाकाठ
आत्ताच चुलत भावाला फोन केला दादा, उद्या सकाळी निघायच्या आधी काढून फोटो टाकतो.