उन्हाळी ट्रेकला लोकरीचा टीशर्ट : शहाणपण की भिजत घोंगडं?

खिंडकरी

मे महिन्यात लोकर घालून डोंगर चढून आलो असं घरी सांगितलं, तेव्हा आईने आधी कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

झालं असं. रतनगड, तिथून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला मुक्काम, मग पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, तिसऱ्या दिवशी खाली. तिन्ही दिवस अंगात एकच टीशर्ट, मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीचा, १५० ग्रॅमवाला (म्हणजे चौरस मीटरभर कापडाचं वजन १५० ग्रॅम, आपल्या नेहमीच्या सुती टीशर्टपेक्षा पातळच). परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या काकांनी खिडकी उघडली नाही. ट्रेकर मंडळींना याचा अर्थ कळेल.

माझ्या कपाटात पाच-सहा ड्रायफिट (लवकर वाळणारे पॉलिएस्टरचे टीशर्ट) पडून आहेत. कितीही धुवा, पहिल्या चढावर घाम आला की जुना वास पुन्हा जिवंत होतो. लोकरीत तसं होत नाही. पाठ चिकट वाटत नाही, आणि संध्याकाळी कड्यावर वारा सुटला की ओल्या सुती टीशर्टमध्ये जी हुडहुडी भरते तीही नाही. टोचत म्हणाल तर अजिबात नाही. अशा टीशर्टमधला मेरिनोचा तंतू साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टोचते ती ३०च्या आसपासची आणि त्याहून जाड लोकर.

म्हणणं सरळ आहे. उन्हाळ्यात सुती आणि ड्रायफिट दोन्ही सोडा, पातळ लोकर घ्या. पटत नसेल तर भांडा.

पंचावाला

भांडतो.

तुमच्या एका टीशर्टच्या पैशात माझे सहा सुती सदरे आणि वर वडापाव येतात. पण पैशाचं सोडा. 'ट्रेकला कॉटन नको' हा नियम आपण आणला कुठून? हिमालयातल्या ट्रेकच्या सामानाच्या यादीतून. तिथे तो बरोबर आहे. चार हजार मीटरवर ओलं सुती कापड अंगावर वाळत बसलं तर माणूस गारठतो. पण इथे मेमध्ये ४० अंशांत मला गारठायचंच आहे हो! जुन्नरच्या बाजूला, नगरच्या बाजूला हवा कोरडी असते. टाक्यावर पंचा भिजवायचा, पिळायचा, डोक्या-मानेवर टाकायचा. अर्धा तास गारवा. सुती कापड उशिरा वाळतं हा दोष नाही, उन्हाळ्यात तोच त्याचा गुण.

आणि भिजलेल्या लोकरीचं काय होतं हे आपल्या भाषेला आधीच ठाऊक आहे. 'भिजत घोंगडं' हा वाक्प्रचार उगाच आला नाही.

रसायन_रवंथ

दोघांच्या मध्ये थोडं गणित टाकतो, मग पाहिजे तेवढं भांडा.

लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा ओल आत घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. हे खरं आहे आणि जाहिरातीत हेच सांगतात. आता हिशेब करा. टीशर्टचं वजन १५० ग्रॅम धरलं तर त्यात मावणारी ओल झाली ५० ग्रॅम. मेच्या उन्हात सॅक घेऊन चढताना ताशी लिटरभर घाम सहज जातो, म्हणजे मिनिटाला १६-१७ ग्रॅम. सगळा घाम टीशर्टवरच येतो असं नाही, तरी तुमची ही जादूची टाकी पहिल्या दहा मिनिटांत भरते. त्यानंतर लोकरही ओलीच.

दुसरी गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. कोरडी लोकर हवेतली ओल शोषते तेव्हा उष्णता *सोडते*. थंडीत हे वरदान आहे. उन्हाळ्यात ती उष्णता कुठे जाते, विचार करा.

आणि घाम गारवा देतो तो वाळताना. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून खाली पडला तर त्यातलं जवळजवळ काहीच नाही. म्हणून खरा प्रश्न कापड कोणतं हा नाहीच, हवा किती कोरडी आणि वारा किती हा आहे.

खिंडकरी

@रसायन_रवंथ गणित मान्य. पण दहा मिनिटांनी टाकी भरली तरी ओली लोकर अंगाला ओल्या सुती कापडासारखी चिकटून बसत नाही, त्याचं काय? आणि वासाबद्दल दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. मेमध्ये गडावरची टाकी तळाला गेलेली असतात. तेच पाणी प्यायला, तेच गुरांना. तिथे टीशर्ट धुवायचा विचारही मनात येऊ नये. अशा वेळी न धुता तीन दिवस चालणारं कापड ही चैन नाही, शहाणपण आहे.

@पंचावाला वाक्प्रचार छान वापरलात. पण घोंगडं वेगळं, हा पापुद्रा वेगळा.

बेलपाडा_ते_कडा

खिंडकरी, तुमचा सगळा ट्रेक घाटमाथ्यावरचा. कोरडी हवा, वरून वारा. एकदा कोकणातून चढा की.

मी हाच प्रयोग केलाय. एप्रिलअखेर, बेलपाड्यातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर. पहाटे पाचला निघालो तेव्हाच हवा इतकी दमट की उभ्या उभ्या घाम. वर रसायनरावांनी टाकीचं सांगितलं ना, कोकणात ती टाकी टीशर्ट अंगात घालण्याआधीच अर्धी भरलेली असते, कारण लोकर हवेतली ओल पीत बसलेली असते. नळीत वारा शून्य, दोन्ही बाजूंनी कातळ तापलेला. सात वाजता लोकर पिळली तर धार लागत होती. सोबतच्या पोराच्या अंगात दोनशे रुपयांचा जाळीचा फुटबॉल टीशर्ट. घाम त्यालाही तेवढाच, पण प्रत्येक थांब्यावर त्याचा निम्मा वाळायचा आणि माझा तसाच.

वर पोहोचल्यावर दुसरा धक्का. करवंदीच्या जाळीत घुसलो (दिवस करवंदांचे, मोह आवरत नाही) आणि बाहेर आलो तेव्हा खांद्याखाली चार बोटं फाटलेलं. ते पातळ मेरिनो आपल्या काट्यांसाठी विणलेलंच नाही.

वास मात्र खरंच आला नाही. तेवढं देतो तुम्हाला.

माणदेशी

घोंगड्याचं नाव निघालंय म्हणून लिहितो. आमचं घर धनगराचं, माण तालुक्यातलं. आजोबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत. म्हणजे अख्खा उन्हाळा पायी, उघड्यावर, बेलपाडावाले म्हणतात त्याच दमट हवेत.

त्यांच्या अंगात काय असायचं? धोतर, सुती बंडी, डोक्याला मुंडासं. सगळं सुती. लोकर खांद्यावर, घडी घातलेली. दुपारी झाडाखाली अंथरायला, रात्री पांघरायला, वळीव आला तर खोळ करून डोक्यावर घ्यायला. ज्यांच्या घरात लोकरीचा ढीग पडलेला, त्यांनीही ती उन्हात अंगाला लावली नाही. यातून काय समजायचं ते समजा.

खिंडकरी म्हणतील, दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, टोचणारच. बरोबर आहे. वर घोंगडी विणणारे सणगर तिला चिंचोक्याची खळ देतात, नवं घोंगडं तर अंगाला कातडं सोलल्यासारखं लागतं. पण एक दुखतं म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या मेंढीचा टीशर्ट तीन हजाराला घेताना कोणी हिशेब करत नाही, आणि आमच्याकडे कातरणीची मजुरी निघत नाही म्हणून लोकर टाकून देतात. दख्खनी लोकरीचा टीशर्ट होणार नाही हे मलाही कळतं. पण कुमशेतच्या मुक्कामाला खाली काय अंथरलं होतंत? फोमची चटई ना?

खिंडकरी

फोमची चटई. पकडलंत दादा.

सत्तरीचा_सायकलवाला

मुलांनो, लोकर उन्हाळ्यात ही कल्पना नवी नाही. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जुलैच्या उन्हात होते, आणि तिची पिवळी जर्सी १९१९ साली आली तेव्हापासून कित्येक दशकं लोकरीचीच होती. लुईझों बोबे नावाचा फ्रेंच सायकलपटू तर कृत्रिम धागा मिसळलेली जर्सी घालायला तयारच होईना. घामाला आणि स्वच्छतेला शुद्ध लोकरच हवी हा त्याचा हट्ट. आयोजकांना त्याच्यासाठी लोकरीची वेगळी करवून घ्यावी लागली. क्रिकेटची पांढरी फ्लॅनेलची पँट आठवा, तीही मूळची लोकरीची. मुंबईच्या उकाड्यात लोक त्यात दिवसभर उभे राहिले.

मी स्वतः पातळ लोकरीच्या जर्सीत पुणे-महाबळेश्वर केलंय. पसरणीच्या घाटात घाम, उतारावर वारा. चढ-उताराच्या त्या खेळात लोकरीइतकं सुखाचं काही नाही. खिंडकरींना माझं अनुमोदन.

पंचावाला

काका, मान राखून विचारतो. इतकी सुखाची होती तर त्या सायकलवाल्यांनी सोडली का? बरं कापड मिळाल्याबरोबर सगळे तिकडे पळाले. पाऊस आला की त्या जर्सी पाणी पिऊन मांडीपर्यंत लोंबायच्या म्हणे. आणि मुंबईत फ्लॅनेल घातलं ते साहेबाचं पाहून. तोच साहेब हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांना कॉलरा होऊ नये म्हणून पोटाला फ्लॅनेलचा पट्टा बांधायला लावायचा. पाण्यातून येणारा रोग, आणि उपाय काय, तर पोटाला लोकर! साहेबाने घातलं म्हणून ते आपल्या हवेला योग्य, असं होत नाही.

सत्तरीचा_सायकलवाला

लोंबायच्या, खरं आहे. माझी गुडघ्याला लागायची. तरी घालत होतो.

सॅकमध्ये_काय

कापडावरून इतकं चाललंय आणि मापावर कोणी बोलत नाही. १९८० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात वाळवंटातल्या बेदुईन लोकांच्या काळ्या झग्यांवर अभ्यास आला होता. काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण आतल्या माणसाला पांढऱ्या झग्यातल्या माणसापेक्षा जास्त तापवत नाही. झगा ढगळ, आत हवा खेळते, जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते. आपण काय करतो? अंगाला घट्ट बसलेला टीशर्ट घेतो, वर सॅक आवळतो, आणि कापडाला शिव्या देतो. पाठीला सॅक टेकली की तिथे लोकर, सुती, ड्रायफिट सगळे सारखेच चिंब.

बाकी मेरिनो घेणाऱ्यांना एक इशारा. माझा पहिला टीशर्ट घरच्यांनी गरम पाण्यात टाकून ब्रशने घासला. बाहेर आला तेव्हा पाच वर्षांच्या भाचीला बसला. तिने आनंदाने घेतला. दुसरा कपाटात ठेवला, पावसाळ्यानंतर काढला तर कसर लागून चाळणी. तिसरा घेतला नाही. पायमोजे मात्र लोकरीचेच घालतो, बाराही महिने. त्यावर कोणाशी वाद घालणार नाही.

वाटचुकली

सगळं वाचलं. टाकी, झगा, मांडीपर्यंत लोंबणारी जर्सी. आता आमचं पण ऐका.

टीशर्ट कोणताही घाला, आमच्या आत स्पोर्ट्स ब्रा असते आणि बाजारात मिळते ती जवळपास सगळी पॉलिएस्टर-इलॅस्टिकची. घाम आधी तिथे साचतो, पट्ट्याखाली घामोळं तिथे येतं, सॅकचा पट्टा घासतो तो तिथेच. वरून अमृतासारखी लोकर घालून काय करू? मेरिनोची आतली वस्त्रं परदेशातून मागवावी लागतात आणि किंमत बघून मी खिडकी बंद केली. सुती घातली तर तासाभरात भिजलेलं फडकं छातीला बांधल्यासारखं. म्हणून माझा उपाय कुठल्याच पक्षात बसत नाही. आत ड्रायफिट, वर नवऱ्याचा जुना, दोन मापं मोठा सुती शर्ट, पूर्ण बाह्यांचा, बटणं अर्धी उघडी. ऊन लागत नाही, हवा खेळते, करवंदीत फाटला तर दुःख नाही. फोटोत वाईट दिसते.

रसायन_रवंथ

@वाटचुकली या चर्चेतलं सगळ्यांत शास्त्रशुद्ध उत्तर तुमचं आहे. फोटोसकट.

मुकी_मेंढी

ऑस्ट्रेलियात मेरिनो कोकरांच्या शेपटीभोवतीची कातडी माश्या बसू नयेत म्हणून कापून काढतात, याला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने ते बंद केलंय. लोकर घेणारच असाल तर लेबल वाचा. उलट बाजूने, ड्रायफिट प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात सोडतं. निवड तुमची.

खिंडकरी

बराच मार खाल्ला, आता हिशेब देतो.

नळीच्या वाटेचं मान्य. कोकणातून चढताना उन्हाळ्यात लोकर नको, तिथे बेलपाडावाल्यांचा जाळीचा टीशर्ट बरा. ढगळ मापाचंही पटलं, माझा टीशर्ट एक माप लहान आहे हे बायको पहिल्यापासून म्हणतेय. पण घाटमाथ्यावरचा दोन-तीन दिवसांचा ट्रेक, आणि मे-जूनमधला हिमालय, इथे मी तसूभर हलणार नाही. दिवसा चढावर घाम, रात्री तंबूत थंडी, सॅकमध्ये कपड्यांना जागा नाही. पुढच्या महिन्यात हिमाचलमधल्या सारपासला जातोय, पाच दिवस हाच टीशर्ट. माणदेशी दादा, घोंगडं कुठे मिळेल ते कळवा, पण सॅकवर बांधता येईल असं हलकं.

माणदेशी

हलकं घोंगडं नसतं. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीला या, कोकराच्या मऊ लोकरीचं दाखवतो. सॅक मागे राहील.

खिंडकरी

बरं. आणि पंचावाले, येत्या रविवारी ढाकच्या किल्ल्यावर तुमचा उपाय करून बघतो. पंचा किती मीटरचा घ्यायचा?

पंचावाला

मीटरबिटर काही नाही. दुकानात जाऊन 'पंचा द्या' म्हणायचं. ते देतात.