चिठ्ठीवरचं 'ओडी' बंद करावं का?

मोतीबिंदू_वॉर्ड
सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना जो कागद दिला त्यावर थेंबांच्या नावापुढे 'ओडी' आणि खालच्याच ओळीत गोळीच्या नावापुढेही 'ओडी'. वरचा ओडी म्हणजे उजवा डोळा, खालचा म्हणजे दिवसातून एकदा! थेंब प्रत्यक्षात दिवसातून सहा वेळा घालायचे होते, ते वेगळ्या रकान्यात होतं. डाव्या डोळ्याला म्हणे 'ओएस' आणि दोन्हींना 'ओयू'. सगळे एकाच अक्षराचे भाऊबंद.
माझं म्हणणं सरळ आहे. हे बंद करा. 'उजवा डोळा', 'रोज एकदा' असं लिहा. कोर्टाची नोटीस कळली नाही तर वकील समजावून सांगतो. औषध मात्र आपण घरी घेतो, तेही रात्री दहाला, दवाखान्याचा फोन कुणी उचलत नसताना.

तालुक्याचा_डॉक्टर
असहमत. चिठ्ठी पेशंटसाठी नसतेच, केमिस्टसाठी असते. पेशंटला तोंडी सांगितलेलं असतं. रोज एकदा ओडी, दोनदा बीडी, तीनदा टीडीएस, झोपताना एचएस, लागलं तरच एसओएस, हे कोल्हापूरपासून गुवाहाटीपर्यंत एकच आहे. मी 'जेवणाआधी' मराठीत लिहिलं आणि आजोबा मुलाकडे सुरतेला गेले तर तिथल्या केमिस्टने काय करायचं? बाहेर बाकावर चाळीस माणसं बसलेली असतात, जरा तेही बघा.
आणि आपल्याकडचे डोळ्यांचे बरेच डॉक्टर आरई, एलई, बीई (राइट, लेफ्ट, बोथ आइज) लिहितात. एका कागदावरून सगळ्यांना झोडपू नका.

काउंटरच्या_आतून
डॉक्टरसाहेब, केमिस्टसाठी असते म्हणताय, तर एकदा संध्याकाळी सात वाजता आमच्या काउंटरवर या. घाईत लिहिलेला ओ आणि बी वेगळा काढून दाखवा.
आम्ही काय करतो सांगू? औषधाकडे बघून अंदाज बांधतो. अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी असेल तर ओडीच असणार. पण मधुमेहाची मेटफॉर्मिन ५०० आली की अडलं, कारण ती एकदाही देतात आणि दोनदाही. मग तुम्हाला फोन. तुम्ही ओपीडीत, फोन कंपाउंडरकडे, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून शेजारच्या दुकानात. तिथे विचारतीलच असं नाही.

जर्सीची_फार्मसीवाली
इथे न्यू जर्सीत मुलांकडे येणारे आईबाबा सहा महिन्यांच्या गोळ्या आणि भारतातली चिठ्ठी बॅगेत घेऊन येतात. रक्तदाबाच्या गोळीपुढे 'ओडी' बघून नवखी मुलं चक्रावतात, कारण इथे ओडी म्हणजे उजवा डोळा (नाहीतर ओव्हरडोस!). तोंडाने घ्यायचं पातळ औषध याच गोंधळातून डोळ्यात घातलं जाऊ शकतं, असा इशारा इथल्या औषधसुरक्षेच्या यादीत दिलेला आहे.
पण अमेरिका शहाणी आहे असं समजू नका. इथे भानगड क्यूची होती. क्यूडी रोज एकदा, क्यूओडी एक दिवसाआड, क्यूआयडी दिवसातून चार वेळा. क्यूनंतरचा टिंब जरा लांबला की त्याचा आय होतो, आणि एका गोळीच्या चार होतात. जॉइंट कमिशन ही इथल्या इस्पितळांना मान्यता देणारी संस्था. तिने २००४ साली 'वापरू नये' अशी यादी काढली, त्यात क्यूडी आणि क्यूओडी आहेत. आता 'डेली' लिहितात. त्यापायी कुणाची ओपीडी बंद पडल्याचं ऐकलं नाही.

शंकासुर
अमेरिकेत झालं म्हणून आपणही करायचं? आपल्याकडे १-०-१ आहे की! सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही कळतं, आणि सुरतेलाही चालतं.
खरा दोष अक्षराचा आहे, संक्षेपाचा नाही. औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितलंय. छापील चिठ्ठी द्या, विषय संपला.

नाइट_ड्युटी
विषय कसला संपला? कॉम्प्युटरवर 'ओडी' अगदी स्वच्छ छापून येतं, म्हणून त्याचा डोळा की दिवस हे कळतं का?
१-०-१ गोळ्यांना ठीक. पण आठवड्यातून एकदाच्या औषधाचं काय? संधिवाताला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. तीच रोज घेतली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. १-०-० लिहिलं तर आजी रोज सकाळी घेणारच, तिची काय चूक? डी जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्यांचंही तेच.
इन्सुलिनबद्दल तर बोलूच नका. '१० यू' मधला यू गोल मिटला की १०० दिसतात. त्यात आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटची बाटली वेगळी आणि १०० ची वेगळी, एकीला लाल टोपणाची सिरिंज, दुसरीला नारिंगी. वॉर्डात मी 'युनिट' पूर्ण लिहून घेतल्याशिवाय टोचत नाही. डॉक्टर चिडतात, चिडू देत.

तालुक्याचा_डॉक्टर
सिस्टर, मेथोट्रेक्सेटपुढे मी वार लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. इन्सुलिनचंही मान्य. पण सर्दीच्या चिठ्ठीवर कादंबरी लिहिणार नाही, हे नक्की. धोक्याच्या औषधांपुरतं पूर्ण लिहा, बाकी ओडी-बीडी राहू द्या.

मोतीबिंदू_वॉर्ड
मग धोक्याचं काय ते कोण ठरवणार? डोळा त्यात येतो का?

तालुक्याचा_डॉक्टर
डोळा येतो. खोकल्याचं औषध येत नाही.

शंकासुर
म्हणजे प्रत्येक डॉक्टरची यादी वेगळी. त्यापेक्षा सरसकट ओडी बरं.

काउंटरच्या_आतून
डॉक्टरसाहेब, वार लिहिता ते चांगलंच. फक्त तो मराठीत लिहा. इंग्रजीतला 'मंडे' तुमच्या अक्षरात 'मॉर्निंग' वाचला जातो, दोन्ही एमचेच. सुरतेचं मी बघून घेतो, सोमवार तिथेही सोमवारच असतो.