डिस्नेच्या पाचव्या पार्कसाठी जुन्या कथांना ओटीटीवर नवे आयुष्य देता येईल का?

फिरस्ता (प्रश्न)

नमस्कार. जून २०२४ मध्ये डिस्ने कंपनी आणि फ्लोरिडातील स्थानिक विकास मंडळ यांच्यात जो करार झाला, त्यानुसार ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सध्याच्या चार मोठ्या पार्कांखेरीज पाचवे मोठे पार्क उभारण्याची मुभा कंपनीला मिळाली आहे आणि पुढील दहा ते वीस वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक करण्याची तयारीही तिने दाखवली आहे. पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, डिस्नेच्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलने त्याच शहरात ‘एपिक युनिव्हर्स’ हे संपूर्ण नवे पार्क सुरू केले. त्यामुळे डिस्नेकडूनही तोलामोलाचे उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जे जाहीर झाले आहे ते सगळे जुन्या पार्कांच्या कुंपणाआतच आहे: मॅजिक किंगडममध्ये ‘कार्स’ आणि खलपात्रांचा विभाग, हॉलिवूड स्टुडिओजमध्ये ‘मॉन्स्टर्स, इंक.’ आणि अ‍ॅनिमल किंगडममध्ये डायनोसॉरच्या जागी ‘ट्रॉपिकल अमेरिकाज’.

माझा प्रश्न असा की, कंपनीकडे जुन्या कथांचा इतका मोठा साठा असताना तो वापरला का जात नाही? ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ आमच्या पिढीने रविवारी दूरदर्शनवर हिंदीत पाहिले आणि त्यांची शीर्षकगीते आजही तोंडपाठ आहेत. मपेट्स या बाहुल्या आहेत, मार्व्हलचे सुपरहिरो एक्स-मेन आहेत. आधी डिस्ने प्लस या कंपनीच्या ओटीटीवर नवी मालिका आणायची, चार-पाच वर्षांत नवा प्रेक्षक तयार करायचा आणि मग त्यावर पार्क उभारायचे, हा मार्ग मला तरी कमी जोखमीचा वाटतो. ‘एक्स-मेन ९७’चे २०२४ मध्ये उत्तम स्वागत झाले आणि ‘द मँडलोरियन’ या मालिकेने तर स्टार वॉर्सला हात देऊन वर काढले. मग घोडे नेमके कुठे अडते आहे?

अबोली

एक्स-मेनपुरते बोलायचे तर घोडे कराराच्या कागदावरच अडते. मार्व्हलने १९९४ मध्ये आपल्या पात्रांचे थीम पार्कसाठीचे हक्क युनिव्हर्सलच्या तेव्हाच्या मालकांना दिले. डिस्नेने मार्व्हल विकत घेतले ते २००९ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, आणि तो जुना करार डिस्नेवरही बंधनकारक राहिला. युनिव्हर्सल वापरत असलेल्या पात्रांची कुटुंबे डिस्नेला मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील पार्कांत आणता येत नाहीत, आणि फ्लोरिडा पूर्वेला आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियात २०२१ पासून अ‍ॅव्हेंजर्सचा स्वतंत्र विभाग आहे, तर ऑरलँडोत स्पायडरमॅन आणि हल्क पाहायला डिस्नेच्या प्रतिस्पर्ध्याकडे तिकीट काढावे लागते. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ त्या कराराच्या जाळ्यात अडकले नव्हते, म्हणून डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट पार्कमध्ये २०२२ साली त्यांची राइड होऊ शकली.

तेव्हा ‘एक्स-मेन ९७’ कितीही गाजली तरी तिच्या जोरावर फ्लोरिडात डिस्नेला एक वीटही रचता येणार नाही. आपल्याच मालिकेने तयार केलेला प्रेक्षक शेजाऱ्याच्या दारी पाठवण्याचा हा प्रकार पाहून मला हसू येते.

रेखाटन

हक्कांचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु मला त्याहून मोठी अडचण काळाच्या हिशेबाची वाटते. माझे काम इमारतींच्या आराखड्यांचे आहे, त्यामुळे मी या गोष्टीकडे त्याच नजरेने पाहतो.

फिरस्ता यांनी ‘द मँडलोरियन’चा दाखला दिला आहे, तर तोच तपासून पाहू. डिस्नेने स्टार वॉर्स बनवणारी लुकासफिल्म २०१२ मध्ये घेतली, स्टार वॉर्सच्या विभागांची घोषणा ऑगस्ट २०१५ मध्ये केली आणि प्रत्येकी १४ एकरांचे ते दोन विभाग २०१९ मध्ये आधी कॅलिफोर्नियात व मग फ्लोरिडात उघडले. घोषणा झाली तेव्हा नव्या चित्रत्रयीतला पहिला चित्रपटदेखील प्रदर्शित झालेला नव्हता. तरीही सगळा विभाग त्या त्रयीच्या काळात, आठव्या आणि नवव्या भागांच्या मधल्या दिवसांत बसवण्यात आला. परिणामी तेव्हा तिथे जुन्या चित्रपटांतला डार्थ व्हेडर नव्हता, तरुण ल्यूक नव्हता, हान सोलोही नव्हता. नंतर त्या त्रयीवरून चाहत्यांत फूट पडली. पण तोवर काँक्रीट ओतून झाले होते. आणि विभाग उघडल्यावर काही महिन्यांतच, १२ नोव्हेंबर २०१९ रोजी, डिस्ने प्लस सुरू झाले आणि ‘द मँडलोरियन’मधल्या ज्या हिरव्या बाळाने सगळ्या जगाला वेड लावले ते वेगळ्याच काळातले निघाले. त्याला आणि मँडलोरियनला कॅलिफोर्नियाच्या विभागात प्रत्यक्ष फिरताना पाहायला नोव्हेंबर २०२२ उजाडले. मिलेनियम फाल्कन या अवकाशयानाच्या राइडमध्ये त्यांची मोहीम घालण्याचे ठरले तेही मे २०२६ च्या चित्रपटाचा मुहूर्त धरून.

त्या राइडमध्ये सहा जणांना कॉकपिटमध्ये बसवतात: पुढे दोन वैमानिक, मध्ये दोन तोफची आणि मागे दोन अभियंते. मागच्या दोघांना समोरचा पडदा सोडून बाजूच्या भिंतीवरची लुकलुकणारी बटणे दाबत बसावे लागते. मोहिमेची माहिती देणारा होंडो ओनाका हा यांत्रिक पुतळा कारागिरी म्हणून अप्रतिम आहे. पण हे पात्र अ‍ॅनिमेटेड मालिकेतले असल्यामुळे केवळ चित्रपट पाहून आलेल्या माणसाला ते अनोळखीच वाटते. ओटीटी येण्याच्या कितीतरी आधीपासून छोट्या पडद्यावरची पात्रे पार्कात आलेली आहेत, पण केवळ त्यांच्यासाठी कोणी तिकीट काढलेले नाही.

मालिकेचा बोलबाला काही आठवडे टिकतो आणि एक विभाग घोषणेपासून उघडेपर्यंत चार वर्षे खातो, तर पुढे तीस-चाळीस वर्षे त्याच जागी उभा राहतो. मालिका पडली तर बंद करता येते. पार्कातली वास्तू पडली तर काय होते, ते स्टार वॉर्सच्याच हॉटेलने दाखवून दिले. दोन रात्रींसाठी दोघांना सुमारे ४,८०० डॉलर मोजायला लावणारे ते हॉटेल मार्च २०२२ मध्ये उघडले आणि सप्टेंबर २०२३ अखेर बंद झाले.

खारीबिस्किट

रेखाटन यांचा हिशेब मान्य आहे, तरीही एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे. आपण सगळे ‘नवी मालिका’ हाच ओटीटीचा उपयोग धरून चाललो आहोत. माझ्या मते पार्कांच्या दृष्टीने ओटीटीचे खरे काम जुने चित्रपट घरात सतत चालू ठेवणे हे आहे.

‘एन्कांटो’ पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो चित्रपटगृहांत आला तेव्हा कोविडच्या सावटात त्याची कमाई बेताचीच झाली. बरोबर एका महिन्याने, नाताळच्या आदल्या दिवशी तो डिस्ने प्लसवर आला आणि मुलांनी त्याची पारायणे सुरू केली. त्यातले ब्रूनोवरचे गाणे तर बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. आज अ‍ॅनिमल किंगडममध्ये, २०२७ मध्ये उघडण्याचे जाहीर झालेल्या विभागात, त्या चित्रपटातल्या जादूच्या घरावर राइड होते आहे. यासाठी एकही नवी मालिका काढावी लागली नाही. ‘मोआना’ २०१६ चा, पण प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत ओटीटीवर सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट तोच होता, ११.६ अब्ज मिनिटे. त्याच वर्षी एपकॉटमध्ये त्याच्यावर बेतलेली पाण्यातली पायवाट खुली झाली. गंमत अशी की ‘मोआना २’ मुळात डिस्ने प्लससाठी मालिका म्हणून तयार होत होता. कंपनीने तो वळवून चित्रपटगृहांत नेला आणि त्याने एक अब्ज डॉलरच्या वर धंदा केला. स्वतः डिस्नेच मालिकेपेक्षा चित्रपटावर भरवसा ठेवते आहे, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

उलट बाजूचे उदाहरण ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ची नायिका टियाना हिचे. डिस्ने वर्ल्डमधली ‘स्प्लॅश माउंटन’ ही लोकप्रिय राइड १९४६ च्या एका वादग्रस्त चित्रपटावर बेतलेली होती; ती बदलून ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’वर करण्याचे २०२० मध्ये ठरले आणि त्याच वर्षअखेरीस टियानाची मालिकाही जाहीर झाली. म्हणजे राइड आणि मालिका हातात हात घालून येणार होत्या, नेमके फिरस्ता सुचवतात तसे. राइड जून २०२४ मध्ये सुरू झाली. मालिका मात्र मार्च २०२५ मध्ये गुंडाळण्यात आली. आज लोक त्या राइडच्या ओंडक्यात बसून भिजतात तेव्हा मालिका आली नाही याची खंत फारच थोड्यांना वाटत असेल.

फिरस्ता

सर्वांचे आभार. खारीबिस्किट यांचा मुद्दा पटतो, पण तो फक्त ज्या कथांना आजची मुले आपणहून पाहतात त्यांनाच लागू पडतो. ज्या कथा विस्मरणात गेल्या आहेत त्यांचे काय? मपेट्सना तर कंपनीने ओटीटीवर पुन्हा पुन्हा संधी दिली. शिवाय दुसरी एक शंका आहे. कथा सतत डोळ्यांसमोर असणे इतके आवश्यक असेल, तर अ‍ॅनिमल किंगडममधले ‘अवतार’ चित्रपटावरचे पँडोरा कसे चालले?

रेखाटन

पँडोराची शंका अगदी रास्त आहे. ‘अवतार’ २००९ चा, पँडोरा २०१७ मध्ये उघडले आणि दुसरा चित्रपट आला डिसेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात ना मालिका, ना कार्टून. चित्रपटातल्या नायकाचे नाव कोणाला आठवत नाही अशी थट्टा अमेरिकेत सर्रास होत असे. तरीही तिथल्या मुख्य राइडच्या रांगा तासन्‌तास हलत नसत. त्या राइडमध्ये तुम्ही एका उडत्या प्राण्यावर स्वार होता आणि मांड्यांना टेकलेल्या त्याच्या बरगड्या श्वासागणिक फुगतात व आकसतात. चित्रपट न पाहिलेल्या आजीलाही ते कळते, त्यासाठी कथा ठाऊक असावी लागत नाही. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातही १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’वर राइड आहे, आणि ती उभारण्याआधी कोणी वेब मालिका काढली नव्हती.

म्हणून माझे मत असे की, जागा स्वतःच विलक्षण असेल तर कथा जुनी असून चालते. जागा सामान्य असेल, तर कथा ताजी असावी लागते आणि ताजेपणा चार वर्षे टिकत नाही.

खारीबिस्किट

मपेट्सबद्दल लिहिताना मला थोडे वाईट वाटते, कारण मी त्यांचा चाहता आहे. डिस्नेने त्यांना २००४ मध्ये घेतले. डिस्ने प्लसवर २०२० मध्ये ‘मपेट्स नाउ’, २०२१ मध्ये भुताटकीच्या हवेलीवरचा विशेष भाग आणि २०२३ मध्ये ‘द मपेट्स मेहेम’ असे तीन प्रयत्न झाले. शेवटची मालिका चांगली असूनही एका हंगामात आटोपली. तिन्ही प्रयत्नांचे रूप वेगळे, सूर वेगळा. नव्या मुलाला यातले नेमके कोणते मपेट्स आपले म्हणावेत हेच कळू नये अशी गत झाली. पुनरुज्जीवन करायचे तर एकच एक गोष्ट वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. अखेर जून २०२५ मध्ये, १९९१ पासून चाललेला त्यांचा त्रिमितीय खेळ ‘मॉन्स्टर्स, इंक.’ला जागा करून देण्यासाठी बंद झाला. त्यांना रोलर कोस्टरवर नवे घर मिळाले आहे खरे. परंतु ते आयत्या रुळांवरचे घर आहे, पूर्वीचे संगीत आणि सजावट बदलून दिलेले. ‘डकटेल्स’ची नवी मालिका २०१७ मध्ये आली आणि तीन हंगाम चालली, तिच्या वाट्याला एपकॉटमध्ये फोनवर खेळायचा एक शोधखेळ आला, विभाग नव्हे.

अबोली

पाचव्या पार्काविषयी एक मुद्दा राहिला. वॉल्ट डिस्ने वर्ल्डकडे सुमारे २५,००० एकर जमीन आहे, त्यामुळे जागेची ददात नाही. पण नवे पार्क म्हणजे केवळ राइड नव्हेत. रस्ते, वाहनतळ, वीज, सांडपाणी, हजारो कर्मचारी आणि पहिल्याच दिवशी पूर्ण दिवसाचे तिकीट वसूल होईल इतका ऐवज. शिवाय आलेले कुटुंब रजा वाढवेलच असे नाही. जुन्या चारपैकी एखाद्या पार्काचा दिवस कापून ते नव्याला देण्याची शक्यता अधिक. त्यापेक्षा आहे त्याच पार्कात ओसाड पडलेला कोपरा पाडून नवा विभाग केला, तर प्रवेशद्वारापासून स्वच्छतागृहांपर्यंत सगळे तयार मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दहा वर्षांत पार्क आणि क्रूझ मिळून ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले, त्यातले आतापर्यंतचे बहुतेक प्रकल्प याच वळणाचे आहेत. कॅलिफोर्नियात तर निरुपायच आहे, कारण १९५५ चे डिस्नेलँड चहूबाजूंनी अनाहाइम शहराने वेढलेले आहे. तिथे मे २०२४ मध्ये नगरपरिषदेने जमीनवापराचे नियम बदलून दिले तेव्हा कुठे वाहनतळाच्या जागांवर विस्ताराची वाट मोकळी झाली.

फिरस्ता, ‘डकटेल्स’ऐवजी ‘ब्लूई’ या लहान मुलांच्या कार्टून मालिकेकडे लक्ष ठेवा. अमेरिकेत २०२४ मध्ये ओटीटीवर सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका तीच होती, आणि २०२६ मध्ये तिची पात्रे डिस्नेच्या अमेरिकेतील दोन्ही ठिकाणी आणण्याचे जाहीर झाले आहे. पण ती कुत्र्यांची पिल्ले डिस्नेच्या मालकीची नाहीत. हक्क बीबीसी स्टुडिओज आणि ऑस्ट्रेलियातील निर्मात्यांकडे आहेत. पात्रांच्या भेटीगाठी, गाण्यांचे खेळ इथवर भाडेकरार पुरतो. दुसऱ्याच्या मालकीच्या कथेवर अब्जावधी डॉलरचे पार्क डिस्ने उभारील असे मला वाटत नाही.