पाण्याची पिशवी नुसती पिशवी नाही

बाळंतपणाच्या कळा कशा सुरू होतात या चर्चेत ‘प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवून धरणारं संप्रेरक) उतरलं की कळा सुरू होतात’ असं म्हटलं गेलं. हे मेंढीला लागू पडतं, बाईला नाही. माणसात रक्तातलं प्रोजेस्टेरॉन वार पडेपर्यंत चढंच राहतं. गर्भाशयाच्या स्नायूंवरचा त्याचा अंमल मात्र ओसरतो.

आणि या सगळ्या चर्चेत पाण्याची पिशवी राहूनच गेली. तिचा आतला पदर, म्हणजे अ‍ॅम्नियॉन, प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणणारं रसायन तयार करतो. बाहेरच्या पदरात, म्हणजे कोरिऑनमध्ये, ते मोडून टाकणारं एन्झाइम असतं, म्हणून इतके महिने ते गर्भाशयापर्यंत फारसं पोचत नाही. दिवस भरले की हा पहारा ढिला पडतो. माझी तारीख उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवून पिशवी गर्भाशयाच्या खालच्या भागापासून जराशी सुटी केली, ती याच प्रोस्टाग्लँडिनसाठी. दुखलं बरंच, पण त्यांनी आधी कारण समजावलं होतं, त्यामुळे भीती वाटली नाही.